'मंडळी' म्हणजे इमारत की माणसे?

एका वाचकाने विचारले आहे की, 'चर्च'साठी मराठीत 'मंडळी' हा शब्द बरोबर की 'ख्रिस्तमंदिर', आणि 'इगर्जी' हा शब्द यात कुठे बसतो. माझे उत्तर असे की, माणसांच्या समुदायाला 'मंडळी' म्हणावे आणि वास्तूला दुसरा कोणताही रूढ शब्द वापरावा; या दोहोंची सरमिसळ मात्र होऊ देऊ नये.

बायबलच्या नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द 'एक्लेसिया' असा आहे आणि त्याचा अर्थ बोलावून एकत्र आणलेली सभा असा होतो. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात इफिस येथील नाट्यगृहात जमलेल्या, ख्रिस्ती नसलेल्या जमावालाही हाच शब्द लावलेला आहे. प्रेषित पौल रोम येथील ख्रिस्ती लोकांना पत्र लिहिताना प्रिस्किल्ला व अक्विला यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीला सलाम सांगतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर माणसेच आहेत, कारण उपासनेसाठी मोठ्या सार्वजनिक वास्तू उभारण्याची प्रथा रूढ झाली ती चौथ्या शतकात, रोमन सम्राट कॉन्स्टन्टाइनच्या काळी. मराठी बायबलमध्ये येशू आपल्या पेत्र या शिष्याला 'या खडकावर मी आपली मंडळी रचीन' असे म्हणतो. 'रचणे' हे बांधकामाचे क्रियापद माणसांच्या समुदायाला जोडलेले आहे आणि त्या वाक्याचे सगळे बळ त्या जोडणीत आहे. तेथे 'मंदिर' घातले तर वाक्य सुबोध होईल, पण त्याचा प्राण जाईल.

व्याकरणाचीही एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. एरवी आपण 'मंडळी जमली' म्हणतो, पण 'मंडळ्या' सहसा म्हणत नाही. ख्रिस्ती मराठीत मात्र बायबलच्या 'प्रकटीकरण' या पुस्तकातील 'सात मंडळ्या' सर्वांच्या परिचयाच्या आहेत. शिवाय जुन्या पिढीतील पुरुष पत्नीचे नाव न घेता 'आमची मंडळी' म्हणत, आणि नव्या करारातील इफिसकरांस पत्रात ख्रिस्त व मंडळी यांचे नाते पती-पत्नीच्या नात्यासारखे सांगितले आहे. हा योगायोगच असावा, पण मराठी वाचकाला तो अर्थ आपसूक जवळचा वाटतो, याचे मला फार अप्रूप आहे.

'इगर्जी' पोर्तुगीज 'इग्रेजा'वरून आला आणि 'इग्रेजा' लॅटिनमार्गे त्याच 'एक्लेसिया'वरून. म्हणजे आज वास्तूसाठी वापरला जाणारा हा शब्द मुळात सभेचाच आहे. इंग्रजीतून आलेल्या 'चर्च'चे मूळ मात्र 'प्रभूचे' अशा अर्थाच्या वेगळ्या ग्रीक शब्दात शोधले जाते.

कॅथलिक मराठीत 'ख्रिस्तसभा' हा शब्द रूढ आहे, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (कॅथलिक धर्माध्यक्षांच्या जागतिक सभेने) 1964 मध्ये चर्चविषयीच्या आपल्या दस्तऐवजात 'देवाची प्रजा' या कल्पनेला एक स्वतंत्र प्रकरण दिल्यानंतर तो अधिकच समर्पक ठरतो. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हाही एक झाल्या त्या मंडळ्याच.

लेखनात म्हणून 'मंडळीची वार्षिक सभा', 'मंडळीचे वडील' (म्हणजे मंडळीची देखरेख करणारे ज्येष्ठ) असे लिहावे. छपराची दुरुस्ती, घंटा, आवार यांबद्दल लिहिताना 'चर्च' किंवा 'उपासनामंदिर' योग्य. 2020 मध्ये टाळेबंदीत 'मंडळी बंद आहे' असे काही सूचनांत वाचायला मिळाले, तेथे 'चर्च बंद आहे' असे लिहायला हवे होते, कारण तीच मंडळी त्या काळात घराघरांतून आणि फोनवरून प्रार्थनेसाठी एकत्र येत होती.