पिल्लं आणण्याआधी एवढं कर

भाऊ, शेड झालं तरी डुकराच्या पिल्लांची घाई नको. आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा जीवघेणा विषाणूजन्य ताप देशात २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात आला. त्यावर औषध नाही. क्लासिकल स्वाइन फीवर या डुकरांच्या दुसऱ्या तापाची लस मात्र मिळते, पिल्लांना ती टोचून घेच.

भुसावळच्या हॉटेलांचं खरकटं आणणार असशील तर तासभर ढवळत रटरटा उकळव. त्यातल्या डुकराच्या मांसात विषाणू फार दिवस तग धरतो.

व्यापाऱ्याचा टेम्पो बांधावरच थांबव. चोपडा-शहादा करत तो डुकरांचे किती वाडे फिरून आलेला असतो! बुटाच्या तळाला विष्ठा चिकटलेली असेल तर जंतुनाशक औषधाचं पाणी काही करत नाही, आधी ब्रशने घासायचं.

ताप, कान-पोट लालजांभळं, अचानक मरतूक दिसली तर उरलेली विकून मोकळा होऊ नकोस, सगळा तालुका बुडेल. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळव.