काकांनी वहीत काढलेले मेकॅनोच्या (भोकं असलेल्या धातूच्या पट्ट्या नट-बोल्टने जोडायचा खेळ) वाफेच्या इंजिनांचे आराखडे रत्नागिरीच्या दमट हवेत कसे टिकवावेत? काही पानांवर बुरशी आलीय, लॅमिनेशन करू का?

लॅमिनेशन मुळीच नको. दमटपणा आत कोंडतो आणि गरम चिकटवलेलं प्लास्टिक पुन्हा सुटत नाही. जुना सेलोटेपही ओढू नका, पेन्सिलीच्या रेघांसकट पापुद्रा हातात येईल.

पानं सावलीत, पंख्याखाली खडखडीत वाळू द्या. मग तोंडाला मास्क लावून, पडवीत बसून मऊ ब्रशने बुरशी झटका. त्यानंतर स्कॅन: ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके), रंगीत, टिफ फाइल (तपशील न गमावता चित्र साठवणारी). शाई निळी आणि दुरुस्ती लाल पेन्सिलीची असेल तर काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये हा फरकच जातो.

मेकॅनोची एक सोय आहे. लगतच्या दोन भोकांच्या मध्यांत अर्धा इंच अंतर आणि दोन्ही टोकांना पाव-पाव इंच, म्हणजे ११ भोकांची पट्टी साडेपाच इंच. चित्र पुसट झालं तरी 'डावीकडून चौथ्या भोकात क्रँकचा दांडा' एवढी ओळ वाचता आली की जोडणी उभी राहते. म्हणून समासातल्या टिपा आणि सुट्या भागांचे नंबर आधी टाइप करून घ्या. माझ्या मते चित्रांइतकंच मोल त्यांचं आहे.

मूळ वह्या घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. पत्र्याची ट्रंक आपल्याकडे गंजते, आणि कौलांखालचा माळा तर नकोच. स्टेपलच्या पिना काढून दोऱ्याने शिवा.

काकांनी जोडलेलं एखादं इंजिन घरात असेल तर सुटं करण्याआधी चहूबाजूंनी फोटो काढा.