चवथीला घरी आलेल्या मुलांना गाठा

प्रश्न: नमस्कार ताई, गोव्यात पर्वरीला आमची १४ माणसांची सॉफ्टवेअर कंपनी आहे. फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून चांगली मुलं निवडतो, ती हो म्हणतात आणि जॉइनिंगच्या आठवडाभर आधी फोन येतो की बंगळूरला दीडपट पगार मिळतोय. यंदा तिघं गेले. एवढा पगार आम्हाला झेपणारच नाही. बॉण्ड लिहून घेऊ का?
– एक वाचक, पर्वरी

उत्तर: दादा, आधी बॉण्डचं सांगते. नोकरी सोडल्यावर स्पर्धक कंपनीत जायचं नाही, ही अट १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकत नाही. ट्रेनिंगचा खर्च वसूल करायचा वाजवी बॉण्ड चालू शकतो, पण जो अजून आलाच नाही त्याला त्याने कसं धरणार? उलट बॉण्डचं नाव काढलं की चांगला मुलगा आधी पळतो.

बावीस वर्षांच्या पोराला बंगळूर बघायचंच असतं हो, जाऊ दे त्याला. तुम्ही पाच-सहा वर्षं बाहेर काढलेल्यांना शोधा. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, पुण्याच्या, बंगळूरच्या बसेस भरून येतात, ही मुलं घरी गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधतात, आईबाबा थकलेले दिसतात आणि परत निघताना पाय निघत नाही. त्या आठवड्यात त्यांच्याशी बोला, नोकरीची जाहिरात म्हणून नाही, नुसतं ऑफिसला चहाला बोलवा.

मी एका छोट्या कंपनीसाठी माणसं शोधायचे तेव्हा साखळी गावची एक मुलगी अशीच भेटली, पुण्यात सहा वर्षं काढलेली. पगाराचं तिने शेवटी विचारलं. आधी विचारलं की पावसात रस्ता बंद झाला तर घरून काम चालेल का, आणि बाबांना डायलिसिसला न्यायचं असेल त्या दिवशी दुपारी निघता येईल का. आम्ही हो म्हटलं, आणि मग ऑफर लेटर मालकांच्या सहीसाठी १२ दिवस टेबलावर पडून राहिलं. तेवढ्यात तिच्या जुन्या कंपनीने तिला घरून काम दिलं. मला ते अजून लागतं.

म्हणून एका दिवसात दोन गप्पा आणि तुमच्याच कामातला एखादा छोटा तुकडा करून बघणं, दोन दिवसांत निर्णय, तिसऱ्या दिवशी लेटर. पगाराचा आकडा पहिल्याच फोनवर सांगा. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत नोटीस ९० दिवसांची असते आणि जास्त पैशांची ऑफर नेमकी त्याच काळात येते, तेव्हा दर पंधरवड्याला फोन करा आणि ज्याच्या बाजूला बसून काम करायचंय त्याच्याशी आधीच ओळख करून द्या.

शेअर्स द्यायचे असतील तर कागदावर द्या, 'पुढे बघू' असं नको. कायद्याने ईसॉप, म्हणजे कर्मचाऱ्याला ठरलेल्या भावाने कंपनीचे शेअर्स घ्यायचा हक्क, दिल्यापासून ते हातात पडायला निदान एक वर्ष जावं लागतं, हे पण समजावून सांगा. आणि नव्याला जास्त देताना जुन्यांचा पगार त्याच महिन्यात बघा, नाहीतर एक येईल आणि दोन जातील.

फ्रेशर हवाच असेल तर शेवटच्या वर्षात इंटर्नशिप द्या, गोव्यातच राहायचं कोणाच्या मनात आहे ते चार महिन्यांत कळतं.

आणि ते तिघं गेलेत ना, राग न धरता त्यांना येत्या चवथीला फोन करा.