वाचकांचे प्रश्न : गावात मराठी ओपन माइक

भाडिपा या मराठी यूट्यूब चॅनेलचे स्टँडअप पाहून आम्हा सात-आठ मित्रांना साताऱ्यात मराठी ओपन माइक (कुणीही माइकवर येऊन आपले विनोद करून बघायचा कार्यक्रम) सुरू करायचाय. एक कॅफेवाला मंगळवारची संध्याकाळ द्यायला तयार आहे. तयारी काय करावी?
*एक वाचक, सातारा*

मंगळवार उत्तम, गिऱ्हाईक कमी असतं, म्हणून मालक खूश. आधी टेबलं हलवा. टेबलाभोवती बसलेली माणसं एकमेकांकडे तोंड करतात आणि गप्पा मारतात. खुर्च्या वीसच मांडा, खेटून, पहिली रांग बोलणाऱ्यापासून चार-पाच फुटांवर. बाकीच्या मागे रचून ठेवा, गर्दी झाली तर काढा. चाळीस खुर्च्यांत पंधरा जण विखुरले की आपलंच हसू ऐकू येतं, म्हणून कुणी मोकळं हसत नाही. उजेड फक्त बोलणाऱ्यावर, प्रेक्षक अंधारात. वायरचा साधा माइक, सरळ स्टँड, एक स्पीकर पुरे. स्पीकर माइकच्या पुढे ठेवा, मागे राहिला तर शिट्टी वाजणारच. कॉफीचं मशीन आणि मिक्सर कार्यक्रमभर बंद. हे मालकाकडून आधीच कबूल करून घ्या, कारण ऐन पंचला, म्हणजे हसवणाऱ्या शब्दाला, मिक्सर लागला की तो विनोद गेला. ऑर्डरी सुरुवातीला आणि मध्यंतरात.

स्पॉट, म्हणजे बोलायच्या पाळ्या, आठ; प्रत्येकी पाच मिनिटं. चौथं मिनिट संपलं की मागून मोबाइलचा टॉर्च दाखवा. टॉर्च दिसूनही थांबत नसेल त्याला पुढच्या वेळी स्पॉट नाही, मग तो जिवलग मित्र का असेना. होस्ट तुमच्यातला सगळ्यात तयार माणूस हवा. पहिली सात-आठ मिनिटं हॉल तापवायचं काम त्याचं. बरे दोघे पहिल्या आणि शेवटच्या नंबरला, अगदी नवखे मधे. तिकीट पन्नास रुपये तरी लावा. फुकट आलेला माणूस अर्ध्यातून उठतो. आणि बाहेरचे प्रेक्षक आणाच. नुसते विनोद करणारेच समोर असले तर ते हसत नाहीत, मनात आपला सेट, म्हणजे आपले पाच मिनिटांचे विनोद, घोकत असतात.

माझा विनोद मित्रांत चालतो, माइकवर पडतो. का?
*एक वाचक, नागपूर*

मित्रांना त्यातली माणसं माहीत असतात, हॉलला नसतात. पण बहुतेकदा दोष वाक्यात असतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि पंच त्याच्याआधीच फुटतो. ‘बायोडेटात त्यानं छंद म्हणून सोसायटीचं सेक्रेटरीपद लिहिलं होतं’ असं म्हटलं, तर लोक ‘सेक्रेटरीपद’ला हसू लागतात आणि तुम्ही अजून बोलतच असता. ‘बायोडेटात छंद काय लिहिलाय? सोसायटीचं सेक्रेटरीपद.’ आता तोंड मिटा. हसू ओसरायला लागलं की पुढचं वाक्य. पूर्ण शांत होईपर्यंत थांबलात तर हॉल गार पडतो. प्रत्येक सेट मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. सेटअप, म्हणजे पंचआधीची मांडणी, तीन वाक्यांहून लांबला असेल तर कापा.

पहिलाच सेट यूट्यूबवर टाकू का?
*एक वाचक, डोंबिवली*

नको. पाहिलेला विनोद लोक तिकीट काढून पुन्हा ऐकत नाहीत, आणि तुमच्याकडे आत्ता तेवढीच पाच मिनिटं आहेत.