बर्फ थांबून दोन दिवस झाले, म्हणजे उतार सुरक्षित झाला का?

प्रश्न : फेब्रुवारीत आम्ही चौघे मित्र स्कीइंगसाठी गुलमर्गला जाणार आहोत. गोंडोलाच्या (रोपवेच्या) वरच्या टप्प्यावरून आखीव हद्दीबाहेर, अफरवट या डोंगराच्या उतारांवर जाण्याचा बेत आहे. बर्फ पडायचा थांबून दोन दिवस झाले असतील, ऊन असेल आणि इतरांच्या स्कीच्या खुणा दिसत असतील, तर जाण्यास हरकत नाही, असे एका मित्राचे म्हणणे आहे. ते कितपत बरोबर आहे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : हिमवर्षाव चालू असताना आणि त्यानंतरच्या दिवसभरात हिमस्खलनाचा धोका सर्वाधिक असतो, एवढ्यापुरते आपल्या मित्राचे म्हणणे खरे आहे, पण तेवढ्यावर विसंबून उतारावर जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हंगामाच्या सुरुवातीला बर्फ थोडा आणि थंडी कडाक्याची असली, की जमिनीलगतचा बर्फ शून्य अंशाच्या आसपास राहतो, वरचा मात्र फार थंड होतो. या फरकामुळे खालची वाफ वर सरकते आणि तळाशी खडीसाखरेसारखे सुटे, एकमेकांना न धरणारे कण तयार होतात. पुढे पश्चिमी विक्षोभाने, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवामानाने, त्यावर मोठा बर्फ टाकला, तर तो घट्ट थर या कणांवर नुसता टेकलेला असतो आणि ही स्थिती कित्येक आठवडे टिकू शकते. वरचा थर जिथे पातळ, तिथेच माणसाचा भार खालपर्यंत पोहोचतो. म्हणून चार जण सुखरूप उतरलेल्या उतारावर पाचव्याच्या वजनाने अख्खा थर सुटू शकतो. शिवाय वारा निरभ्र दिवशीही धारेच्या एका अंगाचा बर्फ उचलून दुसऱ्या अंगावर रचत असतो.

बर्फात असा कच्चा थर दडला आहे का, हे तपासण्यासाठी खड्डा खणून ३० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा बर्फाचा खांब मोकळा करावा, त्यावर फावड्याचे पाते ठेवून आधी मनगटातून, मग कोपरातून, मग खांद्यातून दहा-दहा थापा माराव्यात. पहिल्या काही थापांतच खांब आडवा, सफाईने सरकला, तर परत फिरावे. चालताना ‘धप्प’ असा दबका आवाज होऊन बर्फ खचला किंवा तडे धावले, तर खड्डाही खणत बसू नये. मात्र खांब टिकला म्हणून उतार निर्धोक ठरत नाही, कारण वीस पावलांवर थर वेगळे असू शकतात. त्यापेक्षा कोन मोजणे अधिक भरवशाचे : अशी स्खलने बहुतांशी ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात, तेव्हा त्याहून सौम्य आणि वर तीव्र उतार नसलेली वाट निवडावी.

१ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटवर दोन पोलिश स्कीपटू, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये गुलमर्गच्या हद्दीबाहेरील उतारावर एक रशियन स्कीपटू हिमस्खलनात मृत्युमुखी पडला. गाडले गेल्यावर पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक जण वाचतात, पुढे शक्यता झपाट्याने घटते. म्हणजे खरी मदत सोबत्यांचीच. चौघांपैकी प्रत्येकाच्या अंगावर चालू ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठाव देणारे संदेशयंत्र) आणि पाठीवर प्रोब (बर्फात खुपसून शोधण्याची लांब काठी) व फावडे हवेच, आणि ते वापरण्याचा सराव निघण्यापूर्वीच झालेला असावा. रोज सकाळी डीजीआरई या संरक्षण संस्थेचा हिमस्खलन इशारा पाहावा, स्थानिक स्की पेट्रोलला विचारावे, अनुभवी वाटाड्या सोबत घ्यावा आणि शंकास्पद उतार एकेकानेच ओलांडावा, बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवावी.