नेब्रास्का म्हणजे आयोवाचा जुळा भाऊ नव्हे

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: अमेरिकेतली नेब्रास्का आणि आयोवा ही राज्यं शेजारी, दोन्हीकडे मकाच मका, मग फरक काय? आणि नेब्रास्काची राजधानी लिंकन, तिथल्या विधिमंडळात एकच सभागृह कसं चालतं? पहिल्यासाठी आधी पाणी समजून घ्यावं लागेल.

आयोवात शेतकऱ्याला पाणी जास्त होतं, म्हणून शेताखालून सच्छिद्र पाइप टाकून ते काढून द्यावं लागतं. नेब्रास्कात पश्चिमेकडे जाल तसं उलट होत जातं. आग्नेय कोपऱ्यात वर्षाला 800 मिमीच्या आसपास पाऊस, तर पश्चिमेच्या चिंचोळ्या पॅनहँडलमध्ये जेमतेम 400. जमीनही मिझुरी नदीकाठच्या अडीचशे मीटरवरून पार 1,650 मीटरपर्यंत चढते. तरी सगळे सपाट म्हणतात, कारण आय-80 महामार्ग बराचसा प्लॅट नदीच्या खोऱ्यातून जातो आणि प्रवासी तेवढंच बघतात.

उत्तरेला सँडहिल्स आहेत, राज्याचा जवळजवळ चौथा हिस्सा. वाळूच्या टेकड्या, वर फक्त गवताचं आवरण. हे गुरांचं रान, नांगराचं नाही. पाण्याच्या टाकीभोवती गुरांनी गवत तुडवलं की वारा वाळू उकरतो आणि खड्डा वाढत जातो. तिथले लोक त्याला ‘ब्लोआउट’ म्हणतात. म्हणून एका कुरणात गुरं फार दिवस ठेवत नाहीत. 1862च्या होमस्टेड कायद्याने 160 एकर मिळायचे, पाच वर्षं राहून जमीन कसायची अट होती. पूर्वेत ते भागलं. पश्चिमेत भागेना म्हणून 1904च्या किंकेड कायद्याने 640 एकर दिले, तरी वाळूत तेवढ्यावर कुटुंब जगेना. अनेकांनी विकून टाकलं आणि मोठी रँचेस झाली. ही ‘मोकळी’ जमीन अर्थातच पॉनी, ओमाहा, पोंका वगैरे मूलनिवासी जमातींकडून काढून घेतलेली होती. पोंकांचे प्रमुख स्टँडिंग बेअर यांच्या खटल्यात, 1879 साली ओमाहा शहरातच, मूलनिवासी माणूस कायद्याच्या दृष्टीने ‘व्यक्ती’ आहे हे न्यायालयाने मान्य केलं.

विमानातून दिसणारी हिरवी वर्तुळं म्हणजे सेंटर पिव्हट या ओलिताच्या यंत्राची करामत. फ्रँक झायबाक यांना त्याचं पेटंट 1952मध्ये मिळालं. मधे बोअर, तिथून साधारण 400 मीटर लांब पाइप, चाकांच्या टॉवरवर उभा, गोल फिरणारा. 160 एकरांच्या चौकोनात सव्वाशे-एकशे तीस एकर भिजतात, कोपरे कोरडे राहतात. बाहेरचं टोक त्याच वेळात जास्त जमीन कापतं, म्हणून केंद्रापासून बाहेर नोझल मोठे होत जातात. बसवताना अदलाबदल झाली की पिकात ओल्या-सुक्या कड्या उमटतात. 25 मिमी पाणी द्यायला साधारण तीन दिवसांचा फेरा. घाईने फिरवलं तर पाणी वरच्यावर उडून जातं. फार हळू फिरवलं तर भारी जमिनीत पाणी वाहून जातं, चाकाचे चर पडतात, टॉवर रुततो. एक टॉवर मागे राहिला की सुरक्षा-सर्किट पूर्ण यंत्र बंद करतं. ओलिताच्या क्षेत्रात नेब्रास्का आज अमेरिकेत पहिलं आहे, ते या यंत्रामुळे आणि जमिनीखालच्या ओगलाला जलधरामुळे, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या थरामुळे.

उपसा कोण आवरणार? माझ्या मते राज्याची खरी करामत इथे आहे. 1972पासून नद्यांच्या खोऱ्यांनुसार आखलेले ‘नॅचरल रिसोर्सेस डिस्ट्रिक्ट’ आहेत, सध्या 23. मंडळं निवडून येतात, मालमत्ता कर लावू शकतात, बोअरला मीटर आणि एकरी इतके इंच असा कोटा ठरवू शकतात. दुखणं असं की नदीचं पाणी राज्य वाटतं आणि भूजल डिस्ट्रिक्ट बघतात, पण नदीकाठचा बोअर नदीच आटवतो. रिपब्लिकन नदीवर हेच झालं. कोलोरॅडो आणि कॅन्ससशी 1943चा करार होता. कॅन्सस सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 2015मध्ये नेब्रास्काला 55 लाख डॉलर भरावे लागले.

वीजही तशीच. सगळ्या ग्राहकांना सार्वजनिक किंवा सहकारी संस्थांकडूनच वीज मिळते, असं हे अमेरिकेतलं एकमेव राज्य. समाजवादी म्हटलेलं मात्र तिथे कुणाला खपणार नाही!

आता सभागृह. नेब्रास्काचे अमेरिकी सिनेटर जॉर्ज नॉरिस यांचा मुद्दा साधा होता: दोन सभागृहांची संयुक्त समिती बंद दाराआड कायदा बदलते आणि नाव कुणावरच येत नाही. मंदीचे दिवस, खर्च वाचेल हेही पटलं. 1934ला मतदारांनी एकच सभागृह मान्य केलं, 1937ला पहिलं अधिवेशन झालं. आज 49 सदस्य, सगळ्यांना ‘सिनेटर’च म्हणतात. मतपत्रिकेवर पक्ष छापत नाहीत, पण कोण कुठला ते सगळ्यांना ठाऊक असतं. प्रत्येक विधेयकाची जाहीर सुनावणी होते आणि कुणीही उठून बोलू शकतं. मग तीन टप्पे: जनरल फाइल (पहिली चर्चा), सिलेक्ट फाइल (दुसरी), फायनल रीडिंग (अंतिम मतदान). मंजुरीला सहसा 25 मतं, गव्हर्नरचा नकाराधिकार उलटवायला 30, लांबवलेली चर्चा तोडायला 33. वादग्रस्त विधेयकं अडतात ती या 33वर. पगार वर्षाला 12,000 डॉलर, त्यामुळे ज्याचं दुसरं उत्पन्न आहे त्यालाच हे परवडतं. ही उणीव मला मोठी वाटते.

अध्यक्षीय निवडणुकीत राज्याच्या पाच इलेक्टोरल मतांपैकी (अध्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधींच्या मतांपैकी) तीन मतं काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, मतदारसंघांनुसार जातात. त्यामुळे एरवी पक्क्या रिपब्लिकन राज्यात ओमाहाचं एक मत 2008, 2020 आणि 2024मध्ये डेमोक्रॅट उमेदवाराला गेलं.

खाण्यात रन्झा चाखा: रशियातून आलेल्या जर्मनांचा, पावात बीफ-कोबी-कांदा भरलेला पदार्थ. बीफ खात नसाल तर चेक लोकांचे कोलाचे, फळांचा गर भरलेले. क्रौंच बघायचे असतील तर मार्चच्या मध्याला कीर्नी आणि ग्रँड आयलंडच्या दरम्यान, प्लॅटच्या काठी, पहाटे. लाखोंनी उतरतात, उथळ पात्रात रात्र काढतात आणि दिवसा शेतात सांडलेला मका टिपतात.

आणि शहराबाहेर बोअरच्या पाण्याचं घर भाड्याने घेणार असाल तर आधी नायट्रेट तपासून घ्या. वालुकामय जमिनीत खताचं नत्र झिरपून खाली उतरतं. मर्यादा लिटरला 10 मिलिग्रॅम (नायट्रेट-नायट्रोजन), घरात तान्हं मूल असेल तर ही चाचणी टाळूच नका. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट त्याचं प्रमाण वाढतं.