हरियाल पक्षी कसा ओळखायचा आणि तो कुठे दिसतो?

हरियाल म्हणजे महाराष्ट्राचा राज्यपक्षी, कबुतराच्याच घराण्यातला, पण गंमत म्हणजे जमिनीवर फार क्वचित उतरतो. ओळखायचा असेल तर आधी पाय बघा, हळदीसारखे पिवळेजर्द असतात, बाकीच्या बऱ्याच हिरव्या कबुतरांचे लालसर असतात. डोकं राखाडी, मान आणि छाती पिवळसर हिरवी, खांद्यावर छोटा जांभळट पट्टा, आणि दुर्बिणीतून नीट पाहिलंत तर डोळ्यात निळ्याभोवती गुलाबी कडं दिसतं, फार सुंदर असतं ते!

जंगलातच जायला हवं असं नाही, शहरात जुने वड-पिंपळ टिकलेत तिथेही थवे येतात. उंबर, वड, पिंपळ यांची फळं पिकली की सकाळी लवकर झाडाखाली जाऊन उभे राहा, कारण उन्हं आली की हे शेंड्यावरच्या उघड्या फांद्यांवर ऊन खात बसतात, एकदा पानात शिरले की समोर असूनही सापडत नाहीत, मग फळं टपटप पडताना दिसली आणि शिट्टीसारखा मऊ आवाज आला की समजायचं वर आहेत. फळं खाताना फांदीला उलटे लटकतातसुद्धा. घरटं मात्र अगदीच विरळ, चार काड्यांचं, त्यात बहुतेक वेळा 2 पांढरी अंडी.